तीनशे दहा दिवस

शालकानं सुरतेहून आणली डिजिटल डायरी,
चष्म्याच्या डबीसारखी उघडणारी.
म्हणाला, दाजी, साहेबलोक वापरतात.
मी साहेब नाही.
चोपड्याच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक,
मोटरसायकलच्या मागे नायट्रोजनचा कॅन बांधून
लासूर, सत्रासेन, वैजापूर फिरणारा.
लोक डॉक्टर म्हणतात,
मी नाही म्हणायचं सोडून दिलंय.

तिच्यात वाढदिवसांसाठी जागा होती.
मी म्हशी भरल्या.
आज रेतन, तिथून तीनशे दहा दिवस;
गायीला दोनशे ऐंशी.
मराठी तिला येत नव्हतं.
निंबाबाईची बांडी म्हैस
इंग्रजी कॅपिटलात आखडून बसली,
शेपूट मावलीच नाही.

फोनच्या रकान्यात
बावीस नावांपुढे एकच नंबर,
हिलाल बोरसेच्या पिठाच्या गिरणीचा.
तो पट्टा थांबवायचा, पोऱ्या पिटाळायचा,
आणि माणूस येईस्तोवर
रिसीव्हरमधून मला
गरम ज्वारीचा वास यायचा.

पहाटे पाचला ती टिटटिट करायची.
बायको कूस बदलून विचारायची, कोण?
दगाजीची. पहिलारू आहे.
एकदा म्हणाली, माझा वाढदिवस आहे का त्यात?
आहे की, म्हणालो,
आणि ती न्हाणीत गेल्यावर घातला.

मे महिन्यात स्क्रीन काळी पडायची.
सत्तेचाळीस अंशांत आकडे एकमेकांत विरघळून
नुसती काजळी.
पहिल्यांदा वाटलं, गेली.
मग कळलं, हिलाही ऊन लागतं.
केळीच्या बागेत पाटाच्या कडेला
ओल्या रुमालावर पिशवीत ठेवायची,
मीही टेकायचो.
दहा मिनिटांनी कोपऱ्यातून
आधी वार उगवायचा, मग तारीख.
मंगळवार.
अच्छा, मंगळवार.

मोठे सेल बदलताना बारका हलवायचा नसतो.
पुस्तिकेत लिहिलं होतं.
स्टँडसमोरच्या घड्याळवाल्यानं दोन्ही काढले,
फुंकर मारली, शर्टाला पुसले, बसवले.
एक जानेवारी, रात्रीचे बारा.
एकशे चाळीस म्हशी कुठेच नव्हत्या.
त्यानं पैसे घेतले नाहीत.
त्याला वाटलं, मी उन्हानं घामाघूम झालोय.

मग दारोदार.
दर घरी चहा, दर घरी तोच प्रश्न, उलटा,
कारण आधी तेच मला विचारायचे,
"डॉक्टर, दखा बरं, मन्ही म्हैस कव्हय व्याई?"
आणि मी ऐटीत डबी उघडायचो.
आता मीच विचारत होतो, कधी आलो होतो मी?

जिजाबराव म्हणाले, डीपी जळाली त्याच्या दुसऱ्या दिवशी.
दगाजी म्हणाला, सारंगखेड्याला घोडा पाहून आलो,
विकत नाही घेतला, तो शनिवार.
निंबाबाई काही बोलली नाही.
गोठ्यात नेलं, माझा हात धरून
म्हशीच्या कुशीवर ठेवला.
आत काहीतरी लाथ मारून गेलं.
"दोन महिना शेतस आजून," ती म्हणाली.
मी बटणं दाबली.
महिना विचारत होती, तारीख विचारत होती,
लाथेसाठी रकाना नव्हता.

एकशे एकतीस परत मिळाल्या.
नऊ विकल्या गेल्या होत्या, की मेल्या होत्या,
की मीच खोटं मोजलं होतं.
हिलालचा नंबर एकदाच घातला या वेळी,
नाव टाकलं, गिरणी.

एक राहिलंच.
तिच्यात एक गुप्त कप्पा होता, पासवर्डचा.
त्यात मी काहीतरी लिहिलं होतं,
एका दुपारी, केळीत बसून.
काय, ते किती दिवस आठवतोय.
पासवर्ड तेवढा पाठ आहे.